कुंकू काळे का दिसते? : कृष्णधवल छायाचित्र आणि रंग पुसलेले चित्र

१/
इतिहासाच्या नावाने समाजमाध्यमांवर एक सोपा उद्योग फोफावला आहे. एखादे रंगीत चित्र घ्यायचे, त्यातला रंग काढून टाकायचा, वर थोडे ओरखडे आणि तपकिरी झाक चढवायची आणि ‘दुर्मिळ छायाचित्र’ म्हणून पुढे ढकलायचे. याच उद्योगाची दुसरी शाखा उलट दिशेने चालते. खरेखुरे जुने छायाचित्र घ्यायचे, संगणकाकडून त्यात रंग भरून घ्यायचे आणि ‘इतिहास जिवंत झाला’ अशी द्वाही फिरवायची.

२/
दोन्ही शाखांचे भांडवल एकच समजूत आहे : कृष्णधवल छायाचित्र म्हणजे रंग वजा केलेले वास्तव. रंग वजा केला की भूतकाळ तयार होतो, रंग मिळवला की भूतकाळ परत येतो. ही समजूत मुळातच चुकीची आहे. या चुकीची किंमत तंत्राच्या अभ्यासकांपुरती मर्यादित राहत नाही. माणसांच्या कातडीचा वर्ण, कपाळावरचे कुंकू, विधवेचे आलवण अशा गोष्टींविषयी ती खोटी साक्ष तयार करते. हा धागा त्या समजुतीविरुद्ध आहे.

३/
आरंभ रसायनापासून करावा लागेल. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्राचा पाया म्हणजे चांदीचे प्रकाशसंवेदी क्षार. हे क्षार स्वभावतः वर्णपटाच्या एकाच टोकाला प्रतिसाद देतात : निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश. हिरव्याचा त्यांच्यावर परिणाम अत्यल्प. पिवळा, केशरी आणि लाल यांचा जवळजवळ नाहीच. लाल वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश काचपट्टीवर पोहोचतो, पण काचपट्टीच्या लेखी तो अंधारच असतो.

४/
याचा पुरावा चित्रपटांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. डार्करूममध्ये लाल दिवा का असतो? छायाचित्राच्या कागदाला लाल दिसत नाही म्हणून. ज्या प्रकाशात माणूस निर्धास्त वावरू शकतो, तो प्रकाश त्या कागदासाठी अस्तित्वातच नसतो. आता हाच आंधळेपणा कॅमेऱ्यातील काचपट्टीला होता असे समजून १८६० मधील एखाद्या छायाचित्राकडे पाहा. त्यातील प्रत्येक गडद जागा संशयास्पद होते.

५/
१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कोलोडियनची ओली काचपट्टी जाहीर केली. पुढची सुमारे तीन दशके जगभरची छायाचित्रे बव्हंशी याच पद्धतीने घेतली गेली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतील नामवंत छायाचित्रकार. महाराष्ट्रातील छायाचित्रणाची बाल्यावस्था अशा प्रकारे लाल रंगाला आंधळ्या असलेल्या काचेवर सुरू झाली.

६/
त्या काळच्या निसर्गचित्रांत आकाश नेहमी कोरे पांढरे दिसते. त्या दिवशी ढग नव्हते असा त्याचा अर्थ नाही. निळे आकाश आणि पांढरा ढग यांत काचपट्टीला फारसा फरकच कळत नसे. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून जाई. म्हणून गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्राची चित्रे करताना आकाशासाठी एक आणि पाण्यासाठी एक अशा दोन निगेटिव्ह जोडल्या. अडचण किती खरी होती, हे त्या खटाटोपावरूनच दिसते.

७/
ही मर्यादा एका दिवसात संपली नाही. बर्लिनमध्ये हेर्मान फोगेलने १८७३ मध्ये दाखवून दिले की, इमल्शनमध्ये विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर त्याला हिरवा-पिवळा प्रकाशही दिसू लागतो. त्यातून १८८० च्या दशकात ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ काचपट्ट्या बाजारात आल्या. लाल मात्र त्यांनाही दिसत नसे. लालसह सर्व रंग टिपणारी ‘पॅन्क्रोमॅटिक’ काचपट्टी रॅटन अँड वेनराइट या इंग्रज कंपनीने १९०६ मध्ये विक्रीस आणली.

८/
म्हणजे ‘कृष्णधवल’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळी माध्यमे दडलेली आहेत. एकाला फक्त निळे दिसते, दुसऱ्याला लाल सोडून बाकीचे दिसते, तिसऱ्याला सगळे दिसते. या तिघांना एकच समजणे म्हणजे मोडी, बाळबोध आणि फारसी या तिन्ही लिप्यांतले कागद ‘जुने हस्ताक्षर’ म्हणून एकाच पद्धतीने वाचायला बसणे.

९/
आता संगणकातील ‘ग्रेस्केल’कडे वळू. रंगीत चित्राच्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. ग्रेस्केल करताना प्रचलित सूत्रानुसार लालचे २९.९ टक्के, हिरव्याचे ५८.७ टक्के आणि निळ्याचे ११.४ टक्के घेऊन बेरीज केली जाते. निळ्याचा वाटा सर्वांत लहान आहे हे ध्यानात ठेवावे. एकोणिसाव्या शतकातील काचपट्टीवर नेमका तोच सर्वेसर्वा होता.

१०/
हे सूत्र आले कोठून? छायाचित्रणाच्या इतिहासातून मुळीच नाही. त्याचे मूळ १९५३ च्या अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणी मानकात आहे. रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा घरोघरी कृष्णधवल संच होते आणि रंगीत कार्यक्रम त्यांवरही नीट दिसणे आवश्यक होते. म्हणून मानवी डोळ्याला कोणता रंग किती उजळ भासतो, याच्या हिशेबाने ही प्रमाणे ठरली. ग्रेस्केल हे अशा रीतीने विसाव्या शतकातील दूरचित्रवाणीचे अपत्य आहे. त्याला आजोबांचा अंगरखा घातला म्हणून ते १८६५ चे होत नाही.

११/
शिवाय ग्रेस्केल हीसुद्धा एकच एक गोष्ट नाही. नव्या दूरचित्रवाणी मानकात प्रमाणे वेगळी आहेत : निळ्याचा वाटा तेथे ७.२ टक्क्यांवर उतरतो. काही सॉफ्टवेअरमधील ‘रंग काढा’ ही सोय तर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांची सरासरी काढते. एकच रंगीत चित्र, तीन बटणे, तीन निराळे करडे परिणाम. यांपैकी कोणते ‘खरे कृष्णधवल’, या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे.

१२/
प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. केशरी रंगासाठी संगणकावर सर्रास वापरले जाणारे आकडे २५५, १५३, ५१ असे आहेत. फिकट निळ्या आकाशासाठी १३५, २०६, २३५ धरू.

केशरी फेटा : ग्रेस्केलमध्ये १७२, केवळ निळ्याच्या हिशेबाने ५१.
निळे आकाश : ग्रेस्केलमध्ये १८८, केवळ निळ्याच्या हिशेबाने २३५.

ग्रेस्केलमध्ये फेटा आणि आकाश जवळपास सारखेच करडे. जुन्या काचेवर फेटा काळसर आणि आकाश पांढरेफटक.

१३/
हळदीसाठी २५५, १९०, २० आणि कुंकवासाठी १७८, २४, ३४ असे आकडे घेऊ.

हळद : ग्रेस्केलमध्ये १९०, निळ्याच्या हिशेबाने २०.
कुंकू : ग्रेस्केलमध्ये ७१, निळ्याच्या हिशेबाने ३४.

ग्रेस्केलमध्ये हळद उजळ, कुंकू गडद. काचपट्टीवर दोन्ही काळी. हळदीकुंकवातला दृश्य फरकच तेथे नाहीसा होतो. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत स्त्रियांच्या कपाळी काळा ठिपका दिसतो, तो काजळाचा नसतो.

१४/
हा हिशेब ढोबळ आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. डिजिटल कॅमेऱ्यातील निळी वाहिनी आणि कोलोडियनची संवेदनशीलता तंतोतंत एक नाहीत. काचपट्टी अतिनील प्रकाशही टिपते; मोबाइलचा कॅमेरा तो मुद्दाम अडवतो. पण दिशा चुकत नाही. तांबडे-पिवळे बुडते, निळे तरंगते. ग्रेस्केलमध्ये नेमके उलट घडते.

१५/
येथे गोष्ट गंमतीची राहत नाही, कारण पुढचा रंग माणसाच्या त्वचेचा आहे. त्वचेतील मेलॅनिन निळा आणि अतिनील प्रकाश जोरात शोषते, तांबडा त्या मानाने कमी. सावळ्या त्वचेतून डोळ्यांपर्यंत जी ऊब, जी तांबूस-सोनेरी झाक पोहोचते, ती वर्णपटाच्या नेमक्या त्या भागातून येते जो काचपट्टीला दिसतच नव्हता.

१६/
सावळ्या त्वचेचा एक नमुना १४१, ९६, ७० आणि उजळ त्वचेचा २२४, १८०, १५० असा धरू.

सावळी : ग्रेस्केलमध्ये १०६, निळ्याच्या हिशेबाने ७०.
उजळ : ग्रेस्केलमध्ये १९०, निळ्याच्या हिशेबाने १५०.

दोघेही काळवंडतात, पण समान प्रमाणात नाही. सावळ्याची उजळता सुमारे एक तृतीयांशाने उतरते, गोऱ्याची सुमारे एक पंचमांशाने. काचपट्टी दोघांमधील उजळतेच्या प्रमाणातील तफावत मोठी करून दाखवते.

१७/
आता याच काचपट्ट्यांवर कोणते प्रकल्प उभे राहिले ते पाहा. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ ते १८६६ या काळात प्रसिद्ध केले. त्यातील अनेक चित्रांत स्टुडिओत टिपलेल्या व्यक्ती दुसऱ्याच ठिकाणच्या पार्श्वभूमीवर चिकटवलेल्या आहेत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांनी संपादित केलेले ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. माणसांचे वर्गीकरण करावे, त्यांच्या चेहऱ्याखाली जमातीचे नाव आणि स्वभावाचे वर्णन छापावे, ही त्यांची रीत.

१८/
वसाहतवादी पूर्वग्रह रसायनातून जन्मले, असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. पूर्वग्रह आधीच होते. पण छायाचित्राने त्यांना एक प्रमाणपत्र दिले : ‘यंत्र खोटे बोलत नाही.’ ज्या यंत्राला तांबडा रंग दिसत नव्हता, त्याने टिपलेला वर्ण हा निरीक्षणाचा पुरावा मानला गेला. आज तीच छायाचित्रे पाहून ‘तेव्हाचे लोक किती काळे होते’ असे लिहिणारा प्रत्येक जण ते जुने प्रमाणपत्र नव्याने साक्षांकित करत असतो.

१९/
यावर कोणी म्हणेल, हा आजचा राजकीय चष्मा आहे, त्या काळी कोणाला हे जाणवले नव्हते. तसे नाही. रॉबर्ट फ्लाहर्टी सामोआ बेटांवर ‘मोआना’ चित्रित करत होता. १९२६ साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट त्याने पॅन्क्रोमॅटिक फिल्मवर केला. कारण प्रचलित ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर बेटवासीयांची त्वचा काळीकुट्ट, निर्जीव उमटत होती. फिल्म बदलली आणि तीच माणसे, त्याच उन्हात, वेगळी दिसू लागली. माणसे बदलली नव्हती.

२०/
मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय असलेला ‘राजा हरिश्चंद्र’ घ्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो प्रदर्शित झाला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण, शिळाछपाई आणि मुद्रण या तिन्ही व्यवसायांतून गेलेले होते. त्या काळची सिनेमाची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. अशा फिल्मवर लाल ओठ काळे पडतात, निळे डोळे पांढरट होतात. मूकपटांच्या काळातील नटांचे चमत्कारिक रंगलेले चेहरे ही फिल्मच्या आंधळेपणाशी केलेली तडजोड होती.

२१/
१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिनेसृष्टी पॅन्क्रोमॅटिककडे वळली. तेव्हा रंगभूषेचे सामानच बदलावे लागले; हॉलीवूडमध्ये मॅक्स फॅक्टरने नव्या फिल्मसाठी निराळी रंगभूषा काढली. दिवेही बदलले, कारण विजेच्या दिव्यांच्या पिवळट-तांबूस प्रकाशाचा जुन्या फिल्मला पुरेसा उपयोगच नव्हता. म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ आणि प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ यांतील करडा रंग एकच मानता येत नाही. दोन्ही ‘ब्लॅक अँड व्हाइट’. पण दोन निराळ्या डोळ्यांनी पाहिलेले.

२२/
आता दुसऱ्या शाखेकडे, म्हणजे संगणकी रंगभरणाकडे. हे यंत्र शिकते कसे? लाखो आधुनिक रंगीत छायाचित्रे घेतली जातात, त्यांतील रंग काढला जातो आणि यंत्राला सांगितले जाते : ‘या करड्यावरून मूळ रंग ओळख.’ चूक झाली की सुधारणा, पुन्हा प्रयत्न. म्हणजे यंत्राने आयुष्यात पाहिलेला प्रत्येक ‘कृष्णधवल’ नमुना रंग पुसलेला आहे. कोलोडियनच्या काचेशी त्याची ओळख नावालाही नाही.

२३/
परिणाम उघड आहे. काचपट्टीवर काळी पडलेली हळद यंत्राला काळी किंवा तपकिरी वस्तू वाटते. निळ्या आकाशाची पांढरी जागा त्याला ढगाळ हवा वाटते. केशरी फेटा तपकिरी होतो. आणि आधीच काळवंडलेल्या त्वचेवर ते गडद तपकिरी रंग चढवते, कारण त्याच्या शिकवणीनुसार इतकी गडद करडी छटा म्हणजे इतकीच गडद त्वचा. काचेची मर्यादा होती तोवर निदान शंकेला जागा होती. रंग भरल्यावर ती मर्यादा ‘वस्तुस्थिती’ होऊन बसते.

२४/
येथे एक आक्षेप येतो : जुन्या काळीही छायाचित्रे हाताने रंगवत होतेच की! होय, आणि भारतात तर त्याची समृद्ध परंपरा आहे. पण तो चितारी गिऱ्हाइकाला विचारू शकत होता : शेला कोणत्या रंगाचा, खडा माणकाचा की पाचूचा? त्याने चूक केली तर घरचे लोक ती दाखवून देत. शिवाय तो रंग रंगच दिसे. तो कॅमेऱ्याने टिपला आहे असा दावा कोणी करत नसे. संगणकी रंगभरण नेमका हाच दावा न बोलता करते.

२५/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : रंगीत चित्रातून फक्त निळी वाहिनी घेतली तर जुन्या काचपट्टीसारखा परिणाम मिळतोच, मग ग्रेस्केलला दोष कशाला? हा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य केला पाहिजे. ‘द लाइटहाउस’ या २०१९ च्या चित्रपटासाठी छायाचित्रकार जॅरिन ब्लाश्के यांनी खऱ्या कृष्णधवल फिल्मसमोर खास गाळणी लावून लाल प्रकाश अडवला. त्यामुळे नटांचे चेहरे रापलेले, खडबडीत दिसतात. अनुकरण शक्य आहे. पण त्यासाठी आधी हे ठाऊक असावे लागते की अनुकरण कशाचे करायचे आहे.

२६/
आणि त्यालाही सीमा आहेत. रंगीत चित्रात संपूर्ण वर्णपट साठवलेला नसतो, केवळ तीन आकडे असतात. अतिनील प्रकाश तर त्यात आलेलाच नसतो. चांदीच्या कणांची रवाळ पोत, काही सेकंद चाललेल्या उघडझापीत पुसट झालेली हालचाल, फार उजळ आणि फार गडद जागी इमल्शनचा बदलणारा प्रतिसाद : हे सारे प्रकाश पडण्याच्या क्षणी ठरते. नंतर बटण दाबून त्याची नक्कल होते. नक्कल ही नक्कल म्हणून मांडली तर तक्रार नाही. तक्रार तिला ‘अस्सल’ म्हणण्याबद्दल आहे.

२७/
तिसरा आक्षेप : पॅन्क्रोमॅटिक आल्यानंतरची छायाचित्रे तर ग्रेस्केलसारखीच असतील ना? त्या मानाने जवळची, हे खरे. पण तेथेही छायाचित्रकार भिंगावर पिवळी किंवा तांबडी काच चढवून आकाश काळे करू शकत असे. तो निर्णय चित्र टिपण्यापूर्वीचा. शिवाय पॅन्क्रोमॅटिक आले म्हणून ऑर्थो गेले असे झाले नाही. कोडॅकची हौशी लोकांत लोकप्रिय असलेली व्हेरिक्रोम फिल्म १९५६ पर्यंत ऑर्थोक्रोमॅटिकच होती. १९४० च्या दशकातील घरगुती छायाचित्रातही लाल लुगडे काळे असू शकते.

२८/
चौथा आक्षेप भावनेचा आहे : सामान्य वाचकाला रसायन नको असते, रंगामुळे त्याला पूर्वज जवळचे वाटतात, यात वाईट काय? वाईट हे की जवळीक ज्याच्याशी साधली जाते तो पूर्वज नसतो. तो आजच्या रंगीत छायाचित्रांच्या सरासरीतून जन्मलेला कोणी अनोळखी इसम असतो, ज्याला पणजोबांचा चेहरा चिकटवलेला आहे. वाचकाला रसायन कळत नाही, हा समजही त्याचा अपमान आहे. कुंकू काळे का दिसते, हे दोन वाक्यांत सांगता येते.

२९/
आणखी एक नुकसान फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. जुनी ‘कृष्णधवल’ छायाचित्रे पुष्कळदा कृष्णधवल नसतातच. १८५० मध्ये आलेला आणि शतकाच्या अखेरीपर्यंत सर्वत्र वापरला गेलेला अल्ब्युमेन कागद अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप देऊन बनत असे. त्यावरील चित्र जांभळट-तपकिरी असते, पुढे पिवळे पडते. सायनोटाइप निळे असते. हा रंग म्हणजे कागदाची जन्मपत्रिका. प्रक्रिया आणि काळ ठरवायला तो मदत करतो.

३०/
असे छायाचित्र स्कॅन करून ‘स्वच्छ’ करण्यासाठी ग्रेस्केल केले की जन्मपत्रिका फाडली जाते. मग अल्ब्युमेन, जिलेटिन आणि परवा तयार केलेली बनावट प्रत ही तिन्ही एकाच करड्या पंक्तीत बसतात. खोट्या ‘दुर्मिळ’ छायाचित्रांचा धंदा चालतो तो याच पंक्तीच्या आधारावर. अस्सलाची ओळख पुसली की बनावटाला वेगळे कष्ट पडत नाहीत.

३१/
या साऱ्याचा निष्कर्ष ‘कृष्णधवल फिल्म सत्य आणि ग्रेस्केल असत्य’ असा काढू नये. कोलोडियनची काचपट्टी सत्यवादी मुळीच नव्हती. ती एक साक्षीदार होती, आणि तिचा दृष्टिदोष नेमका कोणता होता हे ठाऊक आहे. दोष ठाऊक असलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. ग्रेस्केलवाला तोतया साक्षीदार घटनास्थळी नव्हताच. त्याची तपासणी घ्यायची तरी कशी?

३२/
म्हणून जुने छायाचित्र समोर आले की काही प्रश्न विचारावेत. ते कोणत्या दशकातील आहे आणि तेव्हाच्या काचेला किंवा फिल्मला कोणते रंग दिसत होते? समोरची प्रत मूळ कागदाच्या रंगासह आहे की ग्रेस्केल केलेली? गडद दिसणारी वस्तू खरोखर गडद होती की तांबडी-पिवळी? आणि रंग भरलेला असेल, तर तो कोणी, कशाच्या आधारे भरला? उत्तर नसेल तर रंगाविषयी विधान करू नये. वेष, दागिने, बैठक, हातातील वस्तू यांविषयी बोलायला पुष्कळ जागा उरते.

३३/
आणि छायाचित्रे प्रसिद्ध करणाऱ्यांकडून एवढीच अपेक्षा : रंगवलेले असेल तर चित्रावरच तसे लिहावे, मजकुरात नव्हे, कारण चित्र मजकुरापासून लगेच सुटते. मूळ प्रत सोबत द्यावी. रंग पुसून तयार केलेल्या चित्राला सन लावू नये. एवढे पथ्य पाळायला पैसा लागत नाही.

३४/
शेवटी एक छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे, ब्राह्मण घरातले, अंगणात मांडलेल्या बैठकीचे. मागच्या रांगेत कडेला एक स्त्री उभी आहे. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, कपाळ मोकळे, अंगावर एकसारखे काळे वस्त्र. ते वस्त्र काळे नाही. ते लाल आलवण आहे. केशवपन केलेल्या विधवेला आयुष्यभर नेसावे लागे, ते.

३५/
काचपट्टीला तो लाल दिसला नाही, म्हणून तो काळा झाला. संगणक त्याला काळाच मानेल, किंवा करडा, किंवा तपकिरी. त्याच्या शिकवणीत लाल आलवण नाही आणि लालाचे काळे करणारी काचही नाही. शेजारच्या सवाष्णीच्या कपाळावरचे काळे कुंकूही तो कदाचित डाग समजून पुसून टाकील. मग त्या अंगणात सवाष्ण कोण आणि विधवा कोण, हे सांगणारी उरलीसुरली खूणही नाहीशी होईल. ज्या स्त्रीवर समाजाने एक रंग लादला, तिच्या छायाचित्राला निदान तो रंग कोणता होता एवढे तरी विचारले जावे.

॥ धागा समाप्त ॥